चामड्याच्या शिवणीबरोबर काय गेलं: आयओएस ७ चं प्रकरण

आयओएस ७ च्या, म्हणजे ॲपलच्या आयफोन-आयपॅडच्या प्रणालीच्या २०१३ मधल्या आवृत्तीच्या, कीबोर्डवर शिफ्टची कळ चालू आहे की बंद, हे मला कितीतरी महिने खात्रीने सांगता येत नव्हतं. कळ पांढरी दिसते तेव्हा मोठं अक्षर उमटणार, की राखाडी दिसते तेव्हा? एक अक्षर टाइप करून बघायचं, मगच कळायचं. आधीच्या आवृत्तीत हा प्रश्नच नव्हता. शिफ्ट चालू झाली की कळीवरचा बाण निळा उजळायचा आणि कॅप्स लॉक लागला की अख्खी कळ निळी व्हायची. दिवा लागला म्हणजे चालू, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

प्रकरण त्या एका कळीपुरतं नाही, पण मला ते नेहमी तिच्यापासूनच आठवतं. २०१३ साली कोट्यवधी लोकांच्या हातातलं एक डिझाइन एका दिवसात बदललं. त्याच्या मागोमाग ॲप, वेबसाइट, बोधचिन्हं सगळीकडे सपाट, म्हणजे उठाव आणि सावल्या नसलेली, होत गेली. ॲपचं डिझाइन करणारी म्हणून त्या धावपळीत मीही होते. प्रेरणा घेणं वेगळं आणि ट्रेंडमागे जाणं वेगळं, हे मला त्या दोन वर्षांत स्वतःच्या कामातून कळलं, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

आधी काय होतं

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा बहुतेक लोकांनी काचेवर बोट ठेवून कधी काम केलेलं नव्हतं. साडेतीन इंचांचा स्क्रीन, ३२० बाय ४८० पिक्सेल. बटण दाबल्याची जाणीव बोटाला होत नाही, तेव्हा ती डोळ्यांना करून द्यायची होती. म्हणून बटणांना उठाव, वरून पडणारा उजेड, खाली सावली. लॉक उघडायच्या जागी एक खाच, खाचेत सरकपट्टी, पट्टीवर बाण आणि अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी चमक. ती पट्टी मला आजही फार आवडते. खाच सांगते कुठवर सरकवायचं, बाण सांगतो कुठल्या दिशेने, चमक नजर खेचून घेते. तिच्यातलं काहीही काढलं तर काहीतरी सांगायचं राहून जातं.

जुन्या वस्तूच्या रूपातली खूण नव्या माध्यमात राखण्याला स्क्युओमॉर्फिझम म्हणतात. पुढच्या पाच वर्षांत या खुणा वाढत गेल्या आणि त्यांचं सांगणं कमी होत गेलं. नोंदींना पिवळा रेघांचा कागद पहिल्यापासून होता; मग पुस्तकांना लाकडी फळ्या, गेम सेंटरला पत्त्यांच्या टेबलावरचं हिरवं कापड, मित्र कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ॲपला शिवण घातलेलं चामडं. २०११ मध्ये मॅकच्या कॅलेंडरलाही चामडं आलं आणि वरच्या कडेला फाडलेल्या पानांचे कपटे. त्या कपट्यांचं करायचं काहीच नव्हतं. संपर्कांची वही खऱ्या वहीसारखी दिसायची, पण पान उलटायला गेलं तर पान उलटत नसे. खाच, बाण आणि चमक यांनी जो विश्वास मिळवून दिला होता, तो हे कपटे खर्च करत होते.

रॅम्सचं काय घेतलं

इथे थोडं थांबते, कारण या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं.

डिझायनर डिटर रॅम्स १९५५ मध्ये ब्राउन या विजेच्या उपकरणांच्या जर्मन कंपनीत आले आणि पुढची कित्येक दशकं तिथलं डिझाइन त्यांनी घडवलं. ॲपलच्या वस्तूंवर त्यांची छाप आहे, हे ॲपलचे तेव्हाचे डिझाइन प्रमुख जोनाथन आइव्ह यांनी कधी लपवलं नाही. रॅम्स यांचा १९५८ चा टी ३ रेडिओ आणि २००१ चा आयपॉड शेजारी ठेवले तर नातं लगेच दिसतं. छोटी पांढरी पेटी, दर्शनी भागावर एकच गोल, त्या गोलावर अंगठा. रेडिओत त्या गोलाने स्टेशन लावायचं, आयपॉडमध्ये गाण्यांच्या यादीतून फिरायचं. यादी लांबलचक, म्हणून न थांबता फिरणारं चाक हवं. रूप उचललं, पण त्या रूपाला नव्या जागी स्वतःचं काम होतं.

आता २०१२ चं पॉडकास्ट ॲप बघा. त्यात दोन चाकांचा टेपरेकॉर्डर होता, रॅम्स यांच्या ब्राउन टीजी ६० ची आठवण करून देणारा. चाकं सुंदर फिरायची. खऱ्या यंत्रावर दोन चाकं असतात, कारण फीत एकावरून सुटते आणि दुसऱ्यावर गुंडाळली जाते. पॉडकास्टमध्ये फीत कुठे आहे? प्रेरणास्थान तेच, माणूस तोच, पण या खेपेला त्याच्या कामाचा चेहरा घेतला आणि कारण मागे राहिलं.

त्याच वर्षी आयपॅडच्या घड्याळात स्विस रेल्वेच्या स्टेशनांवरची तबकडी आली आणि रेल्वेने हरकत घेतल्यावर ॲपलने तिचा रीतसर परवाना घेतला. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये केलेलं ते घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा पुढच्या दशकात आला. काट्याच्या टोकाला गोल चकती आहे, कारण गाडी सोडताना स्टेशनवरचा माणूस हातात जी लाल चकतीची काठी धरायचा, तिचा तो आकार. सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर क्षणभर थांबतो, कारण सगळ्या स्टेशनांवरची घड्याळं जुळावीत म्हणून मध्यवर्ती घड्याळाकडून मिनिटाचा इशारा येईपर्यंत त्याला वाट बघायची असते. त्या तबकडीतली एकही गोष्ट सजावट म्हणून आलेली नाही. पुढच्याच वर्षी, आयओएस ७ मध्ये, ती आयपॅडवरून गेली. जी गोष्ट कारणाशिवाय आणली, ती कारणाशिवाय काढताही येते.

बदल होणारच होता

सपाट रूप ॲपलने शोधलं नाही. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन ७ २०१० मध्येच बाजारात आला होता. मेट्रो नावाच्या त्याच्या शैलीची प्रेरणा स्टेशनांवरचे आणि विमानतळांवरचे फलक होती. घाईत असलेल्या माणसाला चालता चालता वाचता यावं, म्हणून तिथे अक्षर ठळक आणि बाण स्वच्छ, सजावट शून्य. फोन बघणारा माणूसही घाईत असतो. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी फलकांचं काम ओळखलं आणि ते फोनवर आणलं. बाजारात तो फोन टिकला नाही ही वेगळी गोष्ट. डिझाइन म्हणून तो मला आजही त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न वाटतो.

ॲपलकडेही कारणं जमा झाली होती. २०१० च्या आयफोन ४ पासून स्क्रीनवर एका इंचात १६३ ऐवजी ३२६ पिक्सेल मावू लागले, म्हणजे बारीक रेघ आणि बारीक अक्षर तुटक न दिसता उमटू लागलं. स्क्रीनचे आकार वाढत होते. चामड्याचं चित्र प्रत्येक आकारासाठी नव्याने बनवावं लागतं, सपाट रंग हवा तसा ताणता येतो. आणि सहा वर्षांत लोकांना काचेवर बोट फिरवायची सवय झाली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयओएसचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल ॲपलमधून बाहेर पडणार असं जाहीर झालं आणि वस्तूंच्या डिझाइनबरोबर स्क्रीनच्या डिझाइनची धुराही आइव्ह यांच्याकडे आली. १० जून २०१३ रोजी आयओएस ७ दाखवण्यात आली, १८ सप्टेंबरला ती लोकांच्या फोनवर पोचली. फोर्स्टॉल यांची बातमी आणि जूनमधलं ते सादरीकरण यांच्यामधले जेमतेम साडेसात महिने, आणि त्यात अख्ख्या फोनचं रूप बदललं.

तीन शब्द, त्यातला तिसरा कुणी वाचला नाही

आयओएस ७ बरोबर ॲपलने डिझायनरांसाठी मार्गदर्शिका दिली. तिच्यात तीन तत्त्वं होती. पहिलं, मजकुराला पुढे येऊ द्या, स्क्रीनची चौकट मागे सारा. दुसरं, स्पष्टता. तिसरं, खोली.

खोली! जिला सगळं जग सपाट म्हणत होतं, तिच्या तीन तत्त्वांपैकी एक खोली होतं. आणि ते नुसतं कागदावर नव्हतं. कंट्रोल सेंटर वर ओढलं की खालचा स्क्रीन धुकट दिसत राहायचा, म्हणजे आपण कुठून आलो ते विसरायला होत नसे. फोन तिरका केला की आयकन आणि मागचं चित्र एकमेकांपासून किंचित सरकायचं. कॅलेंडरमध्ये वर्षातून महिन्यात, महिन्यातून दिवसात शिरल्यासारखं वाटायचं. चामडं आणि सावल्या काढून टाकल्यावर वर-खाली, आत-बाहेर हे कसं सांगायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं, अर्धं जमलेलं आणि अर्धं फसलेलं. त्याशिवाय वाचणाऱ्याच्या सोयीने अख्ख्या ॲपमधली अक्षरं लहान-मोठी होण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली. माझ्या मते त्या वर्षीचं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

पण आम्ही प्रेरणा घेतली ती स्क्रीनशॉटवरून. स्क्रीनशॉटमध्ये हालचाल येत नाही, धुक्यामागचं सरकणं येत नाही, मोठी होणारी अक्षरं येत नाहीत. स्क्रीनशॉटमध्ये येतं पांढरं मैदान, बारीक अक्षर आणि निळा शब्द. ट्रेंड म्हणून पसरलं ते एवढंच.

आमचं ॲप

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एका वाचनालयाचं ॲप होतं. पुस्तक शोधा, आहे का बघा, राखून ठेवा, मुदत वाढवा, एवढंच काम. जुन्या रूपात जाड कडांची, उठावाची बटणं होती. नवं रूप हवं, नव्या फोनसारखं हवं, अशी मागणी होती आणि आम्हालाही तेच करायचं होतं. मी मोठ्या उत्साहाने कडा काढल्या, सावल्या काढल्या, अक्षर बारीक केलं. पुस्तकाच्या नावाखाली लेखकाचं नाव निळ्या रंगात, त्याखाली शिल्लक प्रती फिकट राखाडीत, आणि तळाशी निळ्या बारीक अक्षरांत ‘राखून ठेवा’. मोठ्या मॉनिटरवर ते इतकं सुरेख दिसत होतं की मी त्याचा प्रिंट काढून भिंतीवर लावला.

मग आम्ही पाच सभासदांना फोन दिला आणि एक पुस्तक राखून ठेवायला सांगितलं. दोघांनी लेखकाच्या नावावर बोट दाबलं, कारण तेही निळं होतं आणि तिथे काहीच होत नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकेने ‘राखून ठेवा’ हे शब्द मोठ्याने वाचले आणि पुढे काय करायचं ते विचारलं. त्यांना ती सूचना वाटली होती. सूचना वाचून झाली, आता बटण कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. बटण आहे हे सांगणारी प्रत्येक खूण मी काढून टाकली होती आणि त्याच खुणा त्या शोधत होत्या. शिल्लक प्रतींचा आकडा तर पाचांपैकी कुणीच आपणहून वाचला नाही.

डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी डिझाइनच्या भाषेत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एखाद्या वस्तूचं आपण काय करू शकतो ही एक, आणि ते करता येतं हे सांगणारी खूण ही दुसरी, जिला ते सिग्निफायर म्हणतात. काचेवरचा कुठलाही तुकडा दाबता येतो. म्हणून काचेवर सगळा भार खुणेवर पडतो. मी हे आधी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

परत येऊन मी आकडे मोजले. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढायचं सूत्र वेबच्या सुगम्यता निकषांमध्ये आहे. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ ला १ असावं लागतं. माझा राखाडी, ० ते २५५ च्या मापावर लाल-हिरवा-निळा तिन्ही १७०, पांढऱ्यावर जेमतेम २.३ भरला. तोच राखाडी ११८ पर्यंत गडद केला की निकषात बसतो, आणि डोळ्याला तो तेव्हाही राखाडीच दिसतो. मग कुतूहलाने आयओएस ७ चा प्रसिद्ध निळा मोजला: ०, १२२, २५५. पांढऱ्यावर तो सुमारे ४ भरतो. म्हणजे ज्याची नक्कल करत होतो, तेच काठावरून खाली होतं, आणि आम्ही त्यात बारीक अक्षराची भर घातली होती.

दुरुस्तीला दोन आठवडे लागले. निळा रंग फक्त दाबता येणाऱ्या गोष्टींसाठी राखला आणि लेखकाचं नाव काळं केलं. अक्षर नेहमीच्या जाडीचं घेतलं. ‘राखून ठेवा’मागे हलक्या निळ्याची गोल कोपऱ्यांची पट्टी आली, सावली नाही, उठाव नाही, तरी ते बटण आहे हे दिसत होतं. दुसऱ्या चाचणीत त्याच शिक्षिकेने एकदाही न विचारता पुस्तक राखलं. रूप अजूनही नवंच दिसत होतं. भिंतीवरचा प्रिंट मी काढून टाकला.

ॲपलनेही परत पावलं टाकली

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या चमूचं झालं असतं तर मी ते प्रकरण म्हणून लिहिलं नसतं. सुरुवातीच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीत, ॲपलने जे फार बारीक अक्षर वापरलं होतं, ते अंतिम आवृत्ती येण्याआधीच जाड केलं. झूमच्या हालचालींनी काहींना चक्कर यायला लागली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये ७.०.३ आवृत्तीत हालचाल कमी करायच्या पर्यायाने ते झूमही थांबवता येऊ लागलं. मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवायचा पर्याय आला, रंग गडद करायचा पर्याय आला. म्हणजे आमच्या निळ्या पट्टीसारखंच काहीतरी, फक्त सेटिंगच्या आत दडलेलं. ते दडवलं हे मला तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं. दिसायला हवी ती गोष्ट शोधून चालू करायची, हे ज्याला दिसत नाही त्याच्यावरच ओझं टाकणं आहे.

शिफ्टच्या कळीचं रूप ७.१ मध्ये बदललं, तरी गोंधळ राहिला. तो खऱ्या अर्थाने मिटला २०१५ च्या आयओएस ९ मध्ये. शिफ्ट बंद असली की कीबोर्डवरची सगळी अक्षरंच लहान दिसू लागली. ही युक्ती मला मनापासून आवडते. निळा दिवा परत आणला नाही, कळीवर उठाव आणला नाही. टाइप करणाऱ्याला जे जाणून घ्यायचं आहे, तेच समोर ठेवलं.

गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन आणलं तेव्हा सावली परत आली, पण नियम घेऊन: स्क्रीनवरचे तुकडे म्हणजे कागद, आणि कुठला कागद किती वर आहे त्यावरून सावली किती ते ठरणार. चामड्यापाशी असा नियम कधीच नव्हता. बाकी पसरणं सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यात रेंगाळत नाही. गूगलच्या नावावरचा उठाव २०१३ मध्येच गेला, इन्स्टाग्रामचा तपकिरी कॅमेरा २०१६ मध्ये, मोटार कंपन्यांची चकाकती बोधचिन्हं त्यानंतरच्या काही वर्षांत एकामागून एक.

काच

९ जून २०२५ रोजी ॲपलने लिक्विड ग्लास दाखवलं. बटणं आणि पट्ट्या आता वितळलेल्या काचेसारख्या, मागचं सगळं त्यांतून वाकून दिसणारं. प्रेरणा कुठली, तेही सांगितलं: व्हिजन प्रो या डोळ्यांवर घालायच्या यंत्राची प्रणाली. त्या यंत्रात काचेला ठोस कारण आहे. माणूस खोलीत उभा असतो, त्याच्या समोर खिडकी तरंगते, आणि तिच्यामागची खुर्ची, भिंत, माणसं दिसत राहिली नाहीत तर तो आपटेल. फोनवर काचेमागे खुर्ची नसते, मजकूर असतो. मजकुरावर मजकूर. टेपरेकॉर्डरची चाकं मला लगेच आठवली.

पुढे घडलंही ओळखीचंच. बीटामध्ये पारदर्शकपणा कमी-जास्त होत राहिला, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस २६ च्या पाठोपाठ २६.१ मध्ये काच स्वच्छ हवी की दाट, हे निवडायचा पर्याय आला. हा पर्यायही सेटिंगच्या आतच.

योगायोगाने त्याच वाचनालयाचं काम पुन्हा आमच्याकडे आलं, आणि मागणीबरोबर काचेच्या बटणांचे स्क्रीनशॉट आले. या खेपेला आम्ही स्क्रीनशॉट बाजूला ठेवून मार्गदर्शिका वाचली. काच मजकुरावर तरंगणाऱ्या नियंत्रणांसाठी आहे, खुद्द मजकुराच्या थरात ती वापरू नये, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. आमच्या ॲपमध्ये तरंगणारी गोष्ट एकच आहे, शोधायची पट्टी. ती काचेची केली. तिच्याखालून पुस्तकांची यादी सरकताना दिसते, आणि खाली अजून पुस्तकं आहेत हे न सांगता कळतं. ‘राखून ठेवा’ मात्र भरीव गडद निळ्यावर पांढऱ्या अक्षरात ठेवलं आणि रंग ठरवण्याआधी गुणोत्तर मोजलं. चाचणीला यावेळी आठ जण येणार आहेत, आणि फोन त्यांच्या हातात खिडकीपाशी, भर उन्हात द्यायचा असं ठरलं आहे.